ठराव क्रमांक सात

डिचोलीहून मालिकेवाले आले आणि
पंचायतीच्या हॉलमध्ये इतके लाइट लावले
की भिंतीवरची पाल पहिल्यांदाच
सगळ्या वॉर्डांना एकदम दिसली.

सीन ग्रामसभेचा.
टेंबावरच्या चोवीस घरांचा प्रश्न.
आमचाच, फक्त गावाचं नाव बदललेलं
आणि माझ्या जागी एक देखणा नट.
रजिस्टर कुठल्या हातात धरायचं, अक्षर कसं काढायचं,
ते त्याला शिकवायचे मला दिवसाला हजार.

गर्दीला माणशी सहाशे आणि जेवण.
त्या दिवशी ओरडले होते तेच आले.
बाबुसो मळीक इस्त्रीच्या शर्टात,
पहिल्या रांगेत, त्याच पंख्याखाली.
दिग्दर्शिका म्हणाली, काका, चिडा.
बाबुसो लाजला.
काका, ते लोक तुमच्या शेजारी राहायला येतायत.
त्याने वळून पाहिलं.
ते लोक मागे उभे होते, त्याच सहाशेसाठी.
देवलव्वा लमाणीने त्याला हात केला, रोजचा,
त्याचा गोठा तीच सारवते.
सात टेक झाले, राग जमेना.
चहा सांगितला.

नट म्हणाला, खरं काय झालं होतं?
स्क्रिप्टमध्ये नुसतं 'गदारोळ' लिहिलंय.
म्हटलं, तो शब्दही माझ्याच रजिस्टरातला.
निळी शाई, ठराव क्रमांक सात:
'पाण्याचा दाब अपुरा असल्याने
टेंबावरील घरांचा विषय तहकूब.'

दाब.
टेंबावरच्या नळाची तोटी काढून बघा,
धार आजही छातीवर येते.
त्या दिवशी पाण्याचं कोणी नावही काढलं नव्हतं.
कोणी म्हणालं, देवळाची वाट तिथूनच जाते.
कोणी म्हणालं, त्यांची पोरं आमच्या पोरांच्या बाकावर बसतील.
बाकीचे नुसतं 'आमकां नाका, आमकां नाका',
खुर्च्या आपटत.
खाण चालू होती तोवर ते खाणीच्या शेडमध्ये राहायचे
आणि कोणाला दिसत नसत.
खाण बंद पडली, आणि दिसायला लागले.

एकटी सुनेत्रा गावस उभी राहिली, चार नंबरची पंच.
तिचं वाक्य मी अर्धं लिहिलं होतं.
सरपंच काही बोलला नाही,
फक्त माझ्या पेनाकडे पाहिलं.
मी ते अर्धं खोडलं, सरळ रेघेत, पट्टी लावून.
पुढच्या निवडणुकीत ती एकोणीस मतांनी पडली.

हे छान आहे, नट म्हणाला, वापरू?
वापरा, म्हटलं. जावक क्रमांक तेवढा घालू नका.

टेंबावर अकरा वर्षं चोवीस जोती आहेत.
एकात काजूचं झाड आलंय, गेल्या वर्षी बोंडूही धरले.
आर्टवाल्या पोरांनी तीन दिवसांत
चार जोत्यांवर प्लायवूडची घरं चढवली,
निळी दारं, पुढे तुळस, वाळत टाकलेली लुगडी.
उरलेली वीस म्हणे कॉम्प्युटरवर वाढवणार.
देवलव्वा एकात जाऊन आली.
आत टेकू होते आणि वायरी.
तरी चपला तिने बाहेर काढल्या होत्या.

पॅकअपला तिने एक दार मागितलं.
आर्टवाला म्हणाला, मावशी, हे समोरूनच दार आहे,
मागून नुसत्या पट्ट्या.
ती वितीने रुंदी मोजत राहिली.
टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.
बाबुसो जेवणाच्या रांगेतून ओरडला,
दे रे तिला, तुझ्या बापाचं काय जातंय!
हा त्याचा दिवसातला एकमेव खरा आवाज,
आणि तेव्हा कॅमेरा बंद होता.

घरी येऊन मी रजिस्टर उघडलं.
शेवटच्या टेकमध्ये पोराने खरंच लिहिलं होतं,
ठराव क्रमांक सातच्या खाली,
'चोवीस' अक्षरी, शेवटी 'एकमताने मंजूर'.
शिक्का नाही, सही नाही.
पण उकार, वेलांटी, शेवटच्या अक्षराची ती शेपटी,
कोणी दाखवलं तर मला नाकारता येणार नाही.