तोटी

तीन दिवस जिन्याखाली पेट्रोलचा वास.
हंसाबेन म्हणाल्या, "सुमेधाबेन, तुमची गाडी रडते."
रडत नाही म्हटलं, गळते.
गळतीला निदान वायसर मिळतो.

जमालभाई लग्नाला भरूचला गेलेत. शटरवर खडूनं 'गुरुवारे'.
कुठला गुरुवार, ते लिहिलेलं नाही.
मग रावपुऱ्यातून मीच आणलं चार भोकांचं रबर.
दुकानदारानं साखळ्यांच्या ढिगामागून काढून दिलं,
"आरएक्स? अजून चालते?"
सुटे पैसे मोजत बसले, उत्तर दिलं नाही.

रविवार दुपार. खाली वर्तमानपत्र, वर टाकी,
मध्ये तेलाचा रिकामा डबा.
मदतीला धैवत, वय अकरा,
संक्रांत होऊन आठवडा झाला तरी
मांजानं कापलेल्या दोन बोटांना अजून पट्ट्या.
त्याचं काम एकच: कुणी विडी घेऊन आलं तर ओरडायचं.

तोटीच्या तोंडावर दोन बारके स्क्रू.
चौतीस वर्षं एका जागी बसलं की
आधी डोकं झिजतं,
हे मी ऑफिसातही पाहिलंय.
एक सुटला. दुसऱ्याला हातोडीनं हलकेच समजावलं.

आतलं रबर, रबर कसलं,
राहिलेल्या चिक्कीचा तुकडा. नखानं तुटलं.
बसण्याच्या जागेवर चरे, बोटाला लागणारे.
काचेवर शून्य नंबरचा कागद, दोन थेंब तेल,
आणि गोल गोल घासायचं, आठचा आकडा गिरवत.
इंग्रजी आठ. आपला मराठी आठ उघडाच राहतो,
त्यानं धातू सपाट होत नाही.

मग वरची जाळी काढली.
आत दोन वाटा: एक उंच नळी, ती 'चालू'ची,
एक बुडाशी भोक, ते 'राखीव'चं.
उंच नळीचं तोंड गच्च बुजलेलं,
लाल गंज, मेण झालेलं काहीतरी,
एका मुंगळ्याचं अर्धं अंग.

"मग इतके दिवस पेट्रोल यायचं कुठून?" धैवत.

डभोईहून येताना, दोन हजार नऊ,
रात्री गाडी बंद पडली तेव्हा दांडी खाली केली होती.
वर केली की गाडी आचके द्यायची,
म्हणून खालीच ठेवली. मग खालीच राहिली.
ऑडिटच्या रात्री तशाच. मकरपुऱ्याचं पाणी तसंच.
मुकुलची बॅग मागे बांधून
त्याला स्टेशनवर सोडलं, तेही तसंच;
परतताना सीट एकदम मोठी वाटली होती.

"म्हणजे तुम्ही राखीववरच होतात?"
हो.
"टाकी फुल असतानासुद्धा?"
टाकी फुल असतानासुद्धा.
तो हसला. मी तारेनं नळी टोचत राहिले.
गंज सुटला तो चहाच्या भुकटीसारखा,
मुंगळा शेवटी.

नवं रबर, लाटेसारखी चकती, पाटी, नवे स्क्रू.
दांडी घट्ट फिरते, नव्या सुनेसारखी,
असं काकू म्हणाली असती.
(हीच काकू, ब्याण्णव साली,
"टांग टाकून बसणार तू, चारचौघांत?"
पहिली फेरी मात्र तिनंच मारून घेतली, मांडवीपर्यंत,
डोळे मिटून.)

रात्री दहाला टॉर्च घेऊन खाली गेले.
कागदावर जुने पिवळे डाग, त्यांच्या कडा सुकलेल्या.
नवा एकही नाही.
आणि मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदा
दांडी आडवी केली: 'बंद'.

सकाळी विसरले.
नळीत नि कार्बोरेटरमध्ये उरलं होतं तेवढ्यावर
गाडी निघाली छान,
आणि काळ्या घोड्याच्या चौकात, सिग्नल हिरवा, धाप टाकून थांबली.
मागून बस, रिक्षा, एक दूधवाला, सगळे एका सुरात.
डावा हात न बघता खाली गेला
आणि सवयीनं थेट राखीववर.

थांबले.
बसवाल्याला हात केला, थांब रे.
दांडी वर ओढली.
नळीतून पेट्रोल उतरताना ऐकू येत नाही
एवढ्या गोंगाटात.
मी तरी कान लावला.