रिकामी चढाई

बोर्लीच्या जेटीवर, बर्फाच्या फॅक्टरीला टेकून,
वाद अजून तोच:
हसुराम मोठा की मोरेश्वर?
पस्तीस वर्षं झाली. होड्या फायबरच्या झाल्या,
वाद लाकडाचाच राहिला.
शेवटी कोणीतरी म्हणतं, विश्राम मास्तरला इचारा,
त्याचेकडं वह्या हायत.

आहेत. अकरा वह्या.
गुणलेखक होतो मी. शाळेतून उचलून आणलेल्या बाकावर,
कानामागे पेन्सिल,
मिठागरावरून आणलेल्या मातीचा वास नाकात.

हसुराम चोगले. चौदा मोसम.
अंगानं सुरमई: लांबट, निसटता.
जायचा, बोनस रेषेपार टाच टेकायचा,
कोपऱ्यातल्याच्या बोटाला बोट लावून माघारी.
एक गुण. पुन्हा एक.
वाण्याच्या चोपडीसारखी चढाई, उधारी नाही, दिवाळं नाही.
त्याच गुणांवर गोदीत नोकरी लागली,
कंपनीचा संघ, रेल्वेचे पास, अठ्ठावीस ढाली,
निवृत्तीला शाल-श्रीफळ
आणि शाबूत गुडघे.

मोरेश्वर कीर. साडेतीन मोसम.
अर्धा कसा, तर नागोठण्याला, उपांत्य सामना,
तिघे पायाला लटकलेले, हा इंच इंच रेषेकडे,
आणि वल्हं मोडावं तसा
गुडघ्यातून आवाज आला.
बोटं रेषेपार होती. तीन गुण.
ते तीन आकडे माझ्या वहीत
आजही वाकडे आहेत.
पुढची पानं त्याच्याविना.

बेरीज मांडली तर वादच नाही.
हसुराम चौपट भरतो.
मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो
आणि लोक चहा पाजत आले.

गेल्या शिमग्याआधी डोळ्याचं ऑपरेशन झालं.
नवी नजर कुठंतरी वापरायची म्हणून वह्या काढल्या,
दोघं एकत्र खेळले ते दोन मोसम.
मोरेश्वरच्या बासष्ट चढाया रिकाम्या.
शून्य, शून्य, शून्य, माझ्याच हातचे, गोल, नीटस.
तेव्हा घड्याळ नव्हतं. दम हेच घड्याळ.
तो कोणाला शिवायचाच नाही,
नुसता फिरायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
सातांची साखळी मागं-पुढं ओढत,
डाव्या कोपऱ्याच्या पोटऱ्या थरथरेपर्यंत.
मग त्यांची एक चढाई.
मग आपला हसुराम.
बासष्टांतल्या सत्तेचाळीस वेळा
त्यानं गुण आणलाय.

शिमग्याला हसुराम गावी आला.
पालखी पुढं गेल्यावर त्याला पारावर बसवून आकडे दाखवले.
चष्मा न लावताच म्हणाला,
"विश्रामा, तुला हे आत्ता कळलं?"
आणि नातवासाठी फुगा घ्यायला उठला.

मोरेश्वरकडेही गेलो.
तो लादी उचलत होता, खांद्यावर गोणपाट,
पाणी कोपरावरून गळतंय.
मी वही उघडली, पान शोधायला लागलो.
"बाजूला सर रे, वितळतंय," म्हणाला.

मी सरलो.
ओल्या फळीवरून तो होडीत गेला,
दुखरा पाय आधी, मग दुसरा,
ओठ घट्ट मिटलेले.
लादी खणात उतरवली,
तसाच फळीवरून परत आला, रिकामा,
आणि धक्क्यावर पाय टेकल्यावरच
श्वास सोडला.

पेन्सिल कानामागेच होती.