बुडाची वाटी

कलिन्याच्या प्रयोगशाळेत, भिंगाखाली,
पुडी क्रमांक अकरा.
घरी ओतलेलं शिसं, नाक चेपलेलं,
बुडाला मसुराएवढी वाटी,
डब्याच्या पत्र्याची.
काठावर निळा रंग अन् अर्धा ‘ळ’.
म्हणजे डबा आपल्याकडचा.

जाळानं शिशाचं बूड झिजू नये
म्हणून कुणीतरी बसून कापली ही.
कड मारलीय. घाई नाही कुठंच.

तांबाकाट्याला आजोबा
झाकण घडवलं की अंगठा फिरवायचे,
गिऱ्हाइकाला बोचायला नको.

ही बोचत नाही.

अहवालात लिहिते: गावठी. पत्रा अल्युमिनियम.
सोनटक्क्यांची सही. वर लाख.

रात्री चहाचा डबा उघडताना
अंगठा काठावरून निम्मा फिरतो
आणि मी तो
पदराला पुसते.