मार्चमध्ये रस्ता नसतो

मोंगूच्या जिल्हा कार्यालयात
पंखा फिरतो, हवा फिरत नाही.
टेबलावर नकाशा. सारखा गुंडाळी होऊ पाहतो
म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं:
स्टेपलर, पाण्याची बाटली,
कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं कणीस
आणि लुसाकाहून आलेल्या साहेबांचा मोबाईल.
मी इतिवृत्त लिहायला बसलेय.

मुद्दा पहिला: राजधानी ते प्रांत.
मुद्दा दुसरा: प्रांत ते दवाखाना.
साहेबांची पेन्सिल सरळ चालते,
कागदावर नदीसुद्धा आडवी येत नाही.
"इथून नामुटेले," ते म्हणतात, "चार तास."

दाराशी कुणीतरी खाकरतं.
लुबिंदा, नावाडी.
त्याला बोलावलं होतं, पण खुर्च्या मोजताना
धरलं नव्हतं.
"मार्चमध्ये रस्ता नसतो."
"मग काय असतं?"
"पाणी. आणि मी."

हसू येतं, ओसरतं.
सिताली उठतो, आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवतो
आणि स्वतः खिडकीच्या कठड्यावर बसतो.

नर्स इनोंगे पिशवीतून एक कुपी काढते,
उजेडाला धरून हलवते.
तळाशी पांढरे कण, फाटलेल्या दुधाचे असावेत तसे.
"उन्हानं नाही गेली ही. गारठून गेली.
खोका नवा, बर्फ नवा, घाई तेवढी जुनी.
एवढ्या उकाड्यात राहतो आम्ही
आणि आमच्या लसी थंडीनं मरतात."
मी हे लिहिते,
इतिवृत्तात शोभत नाही म्हणून खोडते,
मग पुन्हा लिहिते.

शीतगृहाच्या सितालीकडे वही आहे.
सहा वर्षांचं तापमान, दिवसातून दोनदा, निळ्या शाईत.
सकाळ पाच, संध्याकाळ सहा.
सकाळ चार, संध्याकाळ पाच.
एका पानावर आकडाच नाही:
"वीज नाही. मुलगी झाली."
त्या रात्री तो इथंच होता म्हणे, फ्रीजपाशी,
झाकणाला हात न लावता.

आकड्यांवर अडतं.
साहेब जनगणना काढतात.
इनोंगे म्हणते, "माझी मोजदाद पाठीवरची.
आईच्या पाठीला बांधून येतं ते मूल माझं,
अंगोलाच्या बाजूनं येतात तीही.
तुमच्या कागदात ती नाहीत,
माझ्या रांगेत आहेत."

दुपारी कधीतरी पेन्सिल साहेबांच्या हातातून निघते.
कोण मागतं, कोण देतं, माझं लक्ष नव्हतं.
लुबिंदा तिला वल्ह्यासारखा मुठीत धरतो
आणि रेघ ओढतो, वाकडी,
लव्हाळ्यांना वळसा घालत, वारुळाच्या बेटावरून:
"इथं मुक्काम. इथं बायकोची मावशी,
तिच्याकडं सावली आहे."
"म्हणजे दोन दिवस," सिताली मोजतो.
"मग बर्फाला आधी घाम फुटू द्यायचा.
हलवल्यावर आत पाणी वाजलं
की मगच लसीशेजारी ठेवायचा."
"त्यापेक्षा डिसेंबरात ट्रकनंच का नको,
पाणी चढायच्या आधी?
सौरफ्रीज आहे माझ्याकडं," इनोंगे.
"डिझेलची मंजुरी फेब्रुवारीत येते," साहेब म्हणतात.
"कुणाकडून?"

पंखा फिरतो.

"माझ्याकडून," साहेब म्हणतात.
पाचशे कोसांवरच्या एका टेबलावर
तीन महिने पडून राहणारी फाईल
पहिल्यांदाच नकाशावर दिसते,
नदीहून रुंद.
इनोंगे पेन्सिल उचलते,
लुसाकाच्या ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिते:
सही, ऑक्टोबर.

तेवढ्यात मोबाईल वाजतो. साहेब तो उचलतात,
कोपरा सुटून नकाशा गुंडाळी होऊ लागतो,
तर ते फोन बंद करतात
आणि त्या जागी तळहात दाबून धरतात.
बैठक संपेपर्यंत.

उपस्थित अकरा, खुर्च्या दहा.
ठरलेलं सगळं मी लिहिलं.
ठरलेलं होतंच असं नाही,
हेही मला ठाऊक आहे, पण त्याला रकाना नाही.
पुढची बैठक: मार्च.
लुबिंदानं माझ्याकडं नुसतं पाहिलं.
'स्थळ' पुढची जागा
मी कोरी ठेवली.