पाण्यात पाहणे

सहा तास. एक दिवस. सव्वादोन. चार.
नऊ, सोळा, छत्तीस, चौसष्ट.
इतक्या वेळा मी विटेचं पाणी बदलते.
लोक एकमेकांना उगाच पाण्यात पाहतात,
मला त्याचा पगार मिळतो.

ही तांबूस वीट डॉर्ड्रेख्तच्या राखेची,
म्हणजे आमचीच.
साडेआठशे अंशांच्या भट्टीत गावाचा गाळ जळतो
आणि वास, जंतू, शिळं सूप,
आईच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या उरलेल्या गोळ्या,
ज्या मी एका रात्री संडासात ओतल्या
आणि बटण दाबून धरलं कितीतरी वेळ,
सगळं जळून जातं.
धातूंना मात्र जळणं ठाऊक नाही.
जस्त, तांबं, सेलेनियम, मॉलिब्डेनम
राखेत डोळे मिटून पडलेले असतात,
कधीतरी ओल येईल म्हणून.

ती ओल म्हणजे मी.

खोव्हर्टचा फोन येतो.
त्याला शाळेची कुंपणभिंत नाताळाआधी उभी करायचीय.
"पास?"
"अजून अठ्ठावीस दिवस."
"अगं चित्स्के, वीट आहे ती, बाळंतीण नाही!"
हसते मी. वीट त्याला आलाय तसा मलाही.

चौसष्टाव्या दिवशी यंत्राने आकडे दिले.
सगळे मर्यादेच्या आत,
सेलेनियम सोडून.
दशांशानंतरचा तिसरा अंक. एवढंसं.
मुलं भिंतीला पाठ टेकतील, चाटणार थोडीच आहेत.
प्रयोगशाळेत कोणी नव्हतं.
खिडकीखालून नदी चालली होती
खालच्या कुठल्यातरी गावाकडे,
काही न विचारता.

आकडा होता तसा लिहिला.
राखेने राखावं, एवढंच मागणं होतं तिच्याकडे.
या खेपेच्या राखेला ते जमलं नाही.

खोव्हर्टने शिवी हासडली. मग गप्प.
मग म्हणाला, "राख निम्मी करू?"
"निम्मी कर. आणि आधी आम्लात धुऊन घे."
"भिंत वसंतात जाईल."
"जाऊ दे."
आपण कोणीच धुतल्या तांदळाचे नाही,
राख तरी धुतलेली असू दे.

आज नवी वीट आली. जरा फिकट.
कडेला कोणाचा तरी अंगठा उमटलाय,
ओली असताना उचलली असणार.
टाकीत सोडली.
बारीक बुडबुडे वर येतायत, एकामागून एक,
जसं काही सांगायचंय.

सहा तासांनी बघू.