वयाचा रकाना

शुक्रवारी संध्याकाळी, खानापूरच्या चर्चमागे
पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडून
आमोस नावं लिहून घेत होता.
नाव, गाव, मंडळी, वय, जेवण साधं की मटण.
मी सांगितलं, लीदिया शांतवन. इथलीच. पस्तीस.
पेन थांबलं.
"अक्का, तरुण संघ तीसपर्यंतच हाय की."
कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला बिचारा,
रकाना कोरा सोडला
आणि पुढं कोपऱ्यात लिहिलं: स्वयंपाक.

बरं. स्वयंपाक.
म्हणून पहिला दिवस मी कांद्यातून पाहिला.
निपाणीचा टेम्पो आला,
पोरांच्या स्वेटरला वखारीतल्या तंबाखूचा वास.
गोकाकची मुलं लाल बसनं, बायबलं प्लास्टिकच्या पिशवीत.
लोंढ्याच्या दोघी पॅसेंजरनं उतरल्या,
आपसात कोंकणी, माझ्याशी मराठी,
आणि गाद्या आणणाऱ्या मंडपवाल्याशी कानडीत भांडण.
गाद्या बारा कमी होत्या.
कुणी कुणाशेजारी झोपायचं यावर
प्रार्थनेपेक्षा जास्त वेळ गेला.

शनिवार शाळकरी मुलांचा.
पाळक बेळगावहून आले, मिठावर बोलले,
एक तास दहा मिनिटं, आधी मराठीत, मग कानडीत.
दोन्ही भाषांत ऐकल्यामुळं असेल
मी आमटीत मीठ दोनदा घातलं.
पोरांनी ती पाणी पीत पीत संपवली,
एकानंही नाव ठेवलं नाही.
त्या पंगतीला मी नंतर
तीन वेळा भात वाढला, न मागता.

रात्री शेकोटी. मलप्रभेकडून गार वारा.
साक्ष द्यायला कुणी उठेना.
मग बिडी गावचा योएल उठला,
खिशातले हात काढावेत की नाही हे न ठरवता.
म्हणाला, भरतीला गेलो होतो, तिसऱ्यांदा.
पळण्यात पास झालो.
छातीत गेलो. दीड सेंटीमीटर.
आणि पुढं त्याला मराठी सापडेना.
तेवढ्यात लाइट गेली.
कुणीतरी फिसकन हसलं, त्या हसण्यावर नव्हे, अंधारावर,
आणि अंधारात तो कानडीत बोलत राहिला,
अप्पा दारात उभा होता, म्हणाला,
अप्पा काही बोलला नाही, पाणी दिलं.
पाळकांनी घसा साफ केला,
पण त्यांच्याआधी
तेरा वर्षांची एक मुलगी, सुवार्ता, विचारती झाली:
"दीड सेंटीमीटर म्हणजे केवढं?"

आमोसनं मोबाइलचा टॉर्च लावला,
अंगठा आणि तर्जनी
एकमेकांपासून एवढीशी लांब धरली.
नव्वद माणसं त्या फटीकडे बघत बसली.
तिच्यातून शेकोटी दिसत होती.

मी सतराव्या वर्षी याच अंगणात
एकाला माझी गाण्यांची वही दिली होती,
उतरवून घेतो म्हणाला होता.
तो कुवेतला असतो. वही कुठं असते कोण जाणे.
हे मी काही उठून सांगितलं नाही.
स्वयंपाकाकडून साक्ष कुणी मागत नाही,
आणि दुधाखालचा गॅस चालू होता.

रविवारी एकत्र उपासना, मग पानात कुंदा,
मग पिशव्या, फोटो, हरवलेली चप्पल,
योएलचं "येतो अक्का", ताटाला हात लावून,
जणू ताट माझं होतं.
एकशे बारा ताटं बाहेर गेली, एकशे नऊ आली.
शेड चारला रिकामी.

टेबलावर वही तशीच, पानं वाऱ्यावर.
माझी ओळ सापडली.
नावापुढं तो कोरा चौकोन.
पेनही होतं तिथंच, दोरीला बांधलेलं.
मी नाही लिहिलं.
अंगठा आणि तर्जनी त्याच्यावर ठेवून बघितली फक्त:
दीडच्या जरा वर भरला.

मग राखेचं घमेलं ओढलं,
मोठ्या पातेल्यापासून सुरुवात केली.