आगाऊ

अत-बाशीत म्हातारं माणूस गेलं की
पुरुष कबरीवरून परतायच्या सुमारास
इकडे बायकांच्या हातात कापडाची एकेक पट्टी पडते.
जिर्तिश म्हणतात तिला. वीतभर, फार तर हातभर.
डोळे पुसून झाले की बायका पोत बघतात.

सात वर्षांत मी त्रेसष्ट जमवल्या,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, चिठ्ठ्या टाचून:
तोक्तोबुबू, एक्क्याण्णव, निळी सुती, रंग जातो.
मेंढपाळ ओसमोनाली, सत्त्याण्णव, मखमल
(लेकानं उधारीवर आणलेली, हे गावभर माहीत).
कान्यमबाई, शाळेतल्या, अठ्ठ्याऐंशी,
पांढऱ्यावर बारीक ठिपके.
तुकडा उलटा जोडला गेला तर अजून ओरडतील असं वाटतं.

बाळाच्या अंगावर अशा चिंध्यांची गोधडी पडली
की या सगळ्यांचं आयुष्य त्याला लागतं म्हणे.
पुरून उरलेलं.

मशीन आहे, पोदोल्स्कचं, जावेच्या हुंड्यातलं,
पण त्याच्यापुढे बसलं की पोट आडवं येतं.
म्हणून हातानंच. चुलीजवळ, पाय पसरून,
त्रिकोणाला त्रिकोण, टोकाला टोक.
टोक जुळलं नाही तर उसवायचं.
नवरा नोवोसिबिर्स्कला विटा रचतो;
फोनवर विचारतो, किती झालं?
मी म्हणते, चार ओळी. तो म्हणतो, माझा दुसरा मजला.

तरुण गेलेल्याचं कापड कुणी वाटत नाही.
धाकटा दीर चोविसाव्या वर्षी घाटात ट्रकखाली गेला,
त्याचा चौकड्यांचा शर्ट संदुकीत तसाच होता.
लोकर आणि अस्तराच्या मधे मी तो पसरला.
एका दुपारी सासू, एने, कडेला टाके घालत असताना
तिचं बोट एका जागी थांबलं.
काज्यावर असावं.
"आत काय घातलंयस?"
"जुनं काहीतरी."
बराच वेळ तिनं दोरा ओढलाच नाही.
मग म्हणाली, "ऊब धरेल."

आठाला आठ. चौसष्ट लागतात.
आणि त्या हिवाळ्यात गावात कुणी म्हणजे कुणी गेलं नाही.
पलीकडच्या सायराकानला, वय ब्याण्णव,
मी सूप घेऊन गेले, खोकला कसा आहे विचारलं,
आणि तिच्या उंबऱ्यातच जीभ चावली.

एनेच्या पलंगाखाली एक सुटकेस आहे.
तिच्या मरणाची. कापून, मोजून, गाठोडं बांधलेली,
लाल साटिनच्या चाळीस पट्ट्या.
"तुमच्यावर सोडलं तर पॉलिस्टर वाटाल,"
असं म्हणून दर वसंतात ती त्या उन्हात घालते,
कोंबड्यांना हाकलत पुन्हा मोजते.
त्या सुटकेसला हात लावायची
माझी काय, तिच्या लेकाची टाप नाही.

काल रात्री तिनंच ती ओढली.
गाठ सुटेना, दातांनी सोडवली,
एक पट्टी माझ्या मांडीवर टाकली.
"आगाऊ घे."
मी गप्प.
"घे गं. हेही आगाऊच दिसतंय,
महिना आहे अजून, आणि लाथा बघ."
मग उरलेल्या मोजल्या. एकोणचाळीस.
पुन्हा मोजल्या. तोंड वाकडं केलं,
जणू मीच चोरली.
"एक कमी घेऊन जायचं म्हणजे शोभा.
तसंच लाल मिळेपर्यंत आता मला हलता येणार नाही."

आज रविवार. बाजार.
पहाटेच चामड्याचे बूट घालून निघाली,
मेंढ्यांच्या गर्दीतून थेट कापडाच्या गल्लीत.
पहिला तागा: फार लाल.
दुसरा: विटका. तिसरा चिमटीत चुरगाळून
दुकानदाराच्याच अंगावर फेकला: हा कागद आहे.
चौथा हुबेहूब होता. मी शेजारीच उभी होते,
सुटकेसमधला नमुना तिच्या मुठीत होता.
तिनं दोन्ही उजेडात धरले, डोळे बारीक केले.
"नाही," म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."

आणि परत येताना सव्वा किलो गाजरं घेतली.